बियाणं निवडण्याची फुलपाडी पद्धत

पहिली सूचना अशी की, बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्राकडे पाहू नये. चित्रातला टोमॅटो नेमका कुठे वाढला हे छापलेलं नसतं. पण तो विरार पूर्वेच्या फुलपाड्यात, दोन इमारतींच्या मधल्या बोळावर उघडणाऱ्या ग्रिलमध्ये वाढलेला नाही, एवढं छातीठोकपणे सांगता येतं. त्याच्यावर वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी ठिबकलेलं नाही, त्याच्या शेंड्यावर कुणी ओला टॉवेल वाळत घातलेला नाही, आणि त्याच्या कुंडीत कबुतराने अंडी घातलेली नाहीत. अशा सुखवस्तू झाडाचा फोटो पाहून फुलपाड्यातल्या माणसाने वाण ठरवू नये.

पाकीट उलटं करावं. मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो म्हणून ते कुणी वाचत नाही, पण मजकूर तिथेच असतो. उगवणशक्तीचा आकडा पाहावा. भेंडीच्या बियाण्याला सरकारी नियमाने किमान 65 टक्के उगवण लागते, टोमॅटो-वांग्याला 70, मिरचीला 60. म्हणजे मिरचीचे शंभरातले चाळीस दाणे मातीत गप्प पडून राहिले तरी कायदा शांत असतो. तुम्हीही शांत राहायला शिकावं. तपासणीची तारीख पाहावी, कारण त्या तारखेपासून नऊ महिनेच बियाणं ग्राह्य धरतात. सोनेरी पिवळं लेबल पैदासकार बियाण्याचं, पांढरं पायाभूत बियाण्याचं, निळं प्रमाणित बियाण्याचं. चौथं हिरवट लेबल म्हणजे उत्पादकाने ‘मी खरं सांगतोय’ अशी स्वतःच ग्वाही देऊन विकलेलं बियाणं. तुमच्या नशिबी बहुधा हेच येणार. दाणे गुलाबी दिसले तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे असं समजावं. पेरून उरलेल्या गुलाबी धण्यांची पूड करून आमटीत घालावी, असा काटकसरी विचार घरातल्या ज्येष्ठांच्या मनात आल्यास तो तिथेच थांबवावा.

आता सूर्यमापन. रविवारी गॅलरीत खुर्ची टाकून सकाळपासून बसावं आणि ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहावं. घरच्यांना हे काम वाटणार नाही. त्याला इलाज नाही. फळभाजीला रोज किमान सहा तास ऊन लागतं, पालेभाजीचं तीन-चार तासांत भागतं. समोरच्या टॉवरने सूर्य गिळला असेल तर वांगं, टोमॅटो, मिरची ही नावं घरात काढू नयेत. मेथी-पालकावर समाधान मानावं. दक्षिणेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात ऊन थेट हॉलपर्यंत येतं. उत्तरेची असेल तर तुमच्यासाठी एक खास योजना निसर्गाने केलेली आहे. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीला वर्षभरात हक्काचं ऊन मिळण्याचे जे दोन-सव्वादोन महिने, त्यांतला बहुतेक काळ आकाशात ढग असतात. हे कुणाच्या दारी मांडायचं हे ठरलेलं नाही.

मग वाणाचं आडनाव वाचावं. आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या गावचा, त्याच्या घरी सुकट शिजते की नाही आणि गणपतीत तो फुलपाड्यात सापडेल की गावी, हे सांगणारी मंडळी आपल्याकडे प्रत्येक जिन्यात दोन तरी असतात. तीच विद्या इथे वापरायची. ‘पुसा’ हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं घराणं. ही संस्था मूळची बिहारातल्या पुसा गावची. 1934 च्या भूकंपात इमारत गेली आणि 1936 मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं, नाव मात्र जुन्या गावाचंच राहिलं. लालबाग-परळहून विरारला आलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. ‘अर्का’ म्हणजे बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याची उद्यानविद्या संस्था. अर्कावती नदीवरून हे नाव आलं. ‘फुले’ म्हणजे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. फुलपाड्याशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा ‘आपल्या इथलंच बियाणं’ म्हणून दुकानदार गळ्यात मारू लागला तर सावध असावं. आणि ‘कोकण’ हे आडनाव दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. 1972 पासून हे विद्यापीठ आपल्याच जातीच्या पावसात भिजत आहे. कोकण तारा हे कारलं, कोकण हरिता ही शिराळी, कोकण श्वेता हे पडवळ, कोकण भूषण हा वाल, कोकण कीर्ती ही मिरची. अडीच महिन्यांची झड, भिंतींना सुटलेलं पाणी, आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे हे सगळं या घराण्याला ठाऊक आहे. 1 ऑगस्ट 2014 ला आपण ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो तरी पावसाने आपली पद्धत बदललेली नाही. आता ही बियाणी मिळतील कुठे, असा प्रश्न तुम्ही विचाराल. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाहीत, हे नक्की. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे चौकशी करावी. विरारहून डहाणू लोकल सुटते आणि तिच्यात बसायला जागाही मिळू शकते, हा अनुभव घेण्यासाठी म्हणून तरी जावं.

इथपर्यंत कुठलंही पुस्तक सांगेल. यापुढचं ज्ञान चर्चगेटच्या गाडीत उभ्याने मिळवलेलं आहे.

वेलभाजीचा वाण निवडताना माती, खत, हवामान हे सगळं दुय्यम. मुख्य प्रश्न हा की, तुमची गाडी कितीची? या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलंसं फळ आधीच असतं, नर फुलाला नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत कुणीतरी पोचवावा लागतो. वाडीत हे काम मधमाश्या करतात; चौथ्या मजल्यावर मधमाशी येईलच असा भरवसा नाही, तेव्हा ते घरच्या माणसाला करावं लागतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि परागाचा दांडा मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. काम अर्ध्या मिनिटाचं. पण फूल कधी उमलावं हे फूल ठरवतं, आणि पश्चिम रेल्वेचं वेळापत्रक त्याला दाखवलेलं नसतं.

दुधी आणि शिराळी संध्याकाळी उमलतात. पडवळ त्याहून थोडं उशिरा, दिवेलागणीनंतर. कारलं आणि काकडी सकाळची. घोसाळी पहाटेची. लाल भोपळ्याचं फूल तर अंधारातच उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. आता आपला माणूस घ्या. पहाटे उठून, बसायला जागा मिळावी म्हणून आधी नालासोपाऱ्याला जाऊन विरारच्या गाडीने ‘रिटर्न’ येणारा. त्याने काकडी लावली तर तिची फुलं उमलतील तेव्हा तो दहिसरच्या पुढे असेल. काकडी कुणाची वाट पाहत नाही. रोज एक मादी फूल उमलेल, रोज मिटेल, बुडाशी आलेलं इवलं फळ चार दिवसांत पिवळं पडून गळेल, आणि तो माणूस खताच्या दुकानात जाऊन दुकानदाराला दोष देईल. हाच माणूस संध्याकाळी सहाच्या सुमारास चर्चगेटला गाडीत चढतो, साडेसातच्या आसपास विरारला उतरतो, शेअर रिक्षेच्या रांगेत उभा राहून आठला घरी येतो. दुधी तेव्हा पूर्ण फुललेला असतो. चपला काढाव्यात, हात धुवावेत, ऑफिसच्या शर्टावरच परागीकरण उरकावं आणि मग चहा मागावा. जनरल शिफ्टच्या नोकरदारासाठी दुधी, शिराळी आणि पडवळ हे तीनच वेल आहेत, हा आमचा निर्णय पक्का आहे.

रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्याने घोसाळी लावावी. डोळे मिटण्याआधी एवढं एक काम होतं. निवृत्तांना सगळंच खुलं. पापडखिंड धरणाकडे फिरायला जाण्याआधी कारली उरकावीत, आल्यावर काकडी पाहावी. सुनेने ‘बाबा सकाळपासून कुंडीत काय करताय’ असं विचारलं तर खरं उत्तर देऊ नये. धरण हाकेच्या अंतरावर असलं तरी त्यातलं पाणी आपणहून कुंडीत येत नाही, हेही याच संदर्भात लक्षात ठेवावं. वेलभाज्या पाण्याला हावऱ्या असतात. नळाची वेळ कुणाच्या वाट्याला आहे, त्याच्यावर वेल सोपवावा.

आता ज्याला सकाळही नाही आणि संध्याकाळही नाही, अशा इसमाने भेंडी लावावी. भेंडीच्या एकाच फुलात नर-मादीचा संसार असतो आणि तो तुमच्याविना चालतो. भेंडीचा खरा शत्रू हळद्या. पांढरी माशी विषाणू आणते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंडी फिकट आणि निबर होते. पुसा सावनी हा वाण या रोगाला दाद देत नाही म्हणून एके काळी गाजला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांनी बियाण्याच्या धंद्याची सुरुवात याच भेंडीवर केली. 1964 मध्ये त्यांनी महिको काढली, पुढे जालना बियाण्यांची राजधानी झाली आणि 1998 मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडीला ‘बुळबुळीत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. यथावकाश विषाणूने पुसा सावनीचं कवच भेदलं. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून परभणी क्रांती आणली, हेसरघट्ट्याने अर्का अनामिका. दुकानदाराने आजही पुसा सावनी पुढे केली तर आदराने नमस्कार करावा आणि परभणी क्रांती मागावी.

पडवळाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रकरण सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातं. पडवळ वळतं, म्हणून ते सरळ वाढावं यासाठी टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधण्याची रीत आहे. वाडीत मांडवाखाली ते शोभतं. तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलबाहेर दगड टांगला की खालून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं अध्यात्म जागं होतं. शिवाय लांबीचा प्रश्न आहेच. कोईम्बतूरच्या को-1 या वाणाचं पडवळ दीड मीटरच्या वर जातं. ते तुमच्या ग्रिलमध्ये जन्माला येऊन खालच्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर वयात येतं, आणि त्यांनी हात बाहेर काढून कापून घेतलं तर ती चोरी की हवेत लोंबणाऱ्या वस्तूचा स्वीकार, याचा खुलासा उपविधींत सापडत नाही. म्हणून तळमजल्याखेरीज कुणीही को-2 घ्यावा. त्याचं पडवळ फूटभराचं असतं आणि आपल्या हद्दीत राहतं. खालच्यांशी सोयरिक जुळवायची असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा को-1.

पावसाळ्यात काय लावावं? आमचं मत, फारसं काही लावू नये. जून ते सप्टेंबर टाकळा कुंडीत न बोलावता येतो, त्याला वाण नाही, पाकीट नाही, लेबल नाही. कोवळा असताना खुडून भाजी करावी. बाकी त्या महिन्यांत आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आदिवासी बायका शेवळं, कुड्याची फुलं, भारंगी, कंटोळी घेऊन बाजारात बसतात. त्यांच्यापुढे तुमची गॅलरी म्हणजे हास्यास्पद गोष्ट आहे. कंटोळीवर जीव जडला म्हणून तिच्या बिया लावायला जाल, तर ऐका. तिचे नरवेल वेगळे आणि मादीवेल वेगळे, आणि फूल येईपर्यंत कुठला कोण ते कळत नाही. ग्रिलमध्ये दोनच वेल आणि दोन्ही नर निघाले तर पुढच्या वर्षीपर्यंत एकमेकांकडे पाहत बसावं लागेल. जाणते लोक म्हणून बिया न लावता मादीवेलाचा कंद लावतात. पैसे द्यावेत आणि कंटोळी त्या बायकांकडूनच घ्यावीत. घासाघीस करू नये. त्यांनी त्यासाठी डोंगर चढलेला असतो, तुम्ही लिफ्टने खाली आलेले असता.

वांग्याचा वाण बागेत ठरत नाही, घरात ठरतो. नवरा खानदेशचा असेल तर त्याला भरताचं भलंमोठं हिरवट वांगं हवं. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ही मंडळी कुणाचं ऐकत नाहीत. बायको पुण्याकडची असेल तर तिला भरल्या वांग्यांसाठी मांजरी गोटा. सासूबाई वसईच्या वाडवळ असतील तर त्यांना सुक्या बोंबलाबरोबर शिजेल ते कोणतंही वांगं चालेल, पण ‘कोणतंही’ हे त्या आधी सांगणार नाहीत. कुंडी एक. अशा घरात मिरची लावावी.

मिरची-टोमॅटोच्या बाबतीत मात्र एक आकडेमोड आधी करून ठेवावी. टोमॅटोच्या एक ग्रॅम बियाण्यात साधारण तीनशे दाणे असतात. सत्तर टक्के उगवले तर दोनशे दहा रोपं. चौघांच्या कुटुंबाला चार रोपं पुरतात. उरलेली दोनशे सहा रोपं फेकवत नाहीत, म्हणून दह्याच्या डब्यांत, चहाच्या कपांत, कापलेल्या बाटल्यांत घालून जिन्यातल्या प्रत्येक दारी वाटली जातात. दारं लवकर संपतात, मग ऑफिसचे सहकारी, मग रिक्षावाले. सत्यनारायणाच्या प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही, टोमॅटोच्या रोपाला म्हणतात. तेव्हा चिमूटभरच पेरावं. रोगराईची भीती असेल तर अर्का रक्षक घ्यावा. पर्णगुच्छ, मर आणि करपा या तिन्हींशी तो झुंजतो. पण तो संकरित आहे. त्याच्या फळातल्या बिया काढून पुढच्या वर्षी लावल्या तर मुलं बापासारखी निघतील अशी अपेक्षा ठेवू नये. बी धरायचं असेल तर सरळ वाण हवा.

सरळ वाणावरून वालाकडे यावं लागतं आणि इथे जरा गंभीर व्हावं. गावठी वाल कधीही लावा, तो दिवस लहान होईपर्यंत फुलणार नाही. मे महिन्यात लावून सप्टेंबरपर्यंत ‘नुसती पानंच’ म्हणून कुरकुर करणारे पुष्कळ. पावसाच्या अखेरीला पेरावा. थंडीत शेंगा येतात, आणि नेमक्या तेव्हाच वसईच्या वाड्यांत कोनफळ आणि वालपापडी घालून उकडहंडी लागते. या पिकाचं वेळापत्रक आणि इथल्या लोकांचं पोट फार पूर्वी एकमेकांशी बोलून ठरलेलं आहे. वालाचं बी दुकानात शोधू नये. वसईकडच्या एखाद्या वाडीतल्या आजीकडे मागावं. तिच्याकडे राखेत घोळून बरणीत ठेवलेलं असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच रीतीने वाल-घेवड्यांची आणि इतर भाज्यांची गावरान बियाणी जपून घरात बियाण्यांची बँक उभी केली. 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं, ते वालाच्या मुठीतूनच. 2001 च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. कायद्यात शेतकरी म्हणजे मुख्यत्वे जमीन कसणारा. बारा इंची कुंडी ही जमीन होते का, यावर अद्याप कुणी कोर्टात गेलेलं नाही. आजीने मात्र असले प्रश्न न विचारता पदराच्या गाठीतून मूठभर द्यावं, आणि पुढच्या पौषात तुम्ही दुप्पट परत करावं, असा शिरस्ता आहे.

मेथीला वाण लागत नाही. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून वाळूमिश्रित मातीत दाट पेरावेत आणि दोन आठवड्यांत कोवळी असतानाच उपटावी. किनाऱ्यावरच्या रेतीत होणारी आणि इवल्या जुड्यांनी मुंबईत विकली जाणारी समुद्रमेथी ती हीच. तीन तासांच्या उन्हातही होते. धणे मात्र रगडून दोन फाकी करून पेरावेत.

शेवटी ऑनलाइन खरेदी. रात्री अकरानंतर बियाणं मागवू नये. त्या वेळी निळ्या स्ट्रॉबेरीच्या, सप्तरंगी मिरच्यांच्या आणि काळ्या गुलाबांच्या बिया खऱ्या वाटतात. परदेशी कांद्याचं बी मागवाल तर त्याला कांदा धरायला चौदा-पंधरा तासांचा दिवस लागतो, आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. नुसती पात येईल. पात आवडत असेल तर हरकत नाही.

आणि फ्लॉवर. प्रत्येक घरात एक उत्साही माणूस असतो, त्याला फ्लॉवरच लावायचा असतो. फ्लॉवरचे वाण थंडीच्या पायऱ्यांवर बेतलेले आहेत. उशिराच्या स्नोबॉल जातींना गड्डा धरायला पंधरा अंशांच्या आसपासची थंडी सलग लागते, आणि विरारच्या जानेवारीत दुपारचा पंखा चालू असतो. पुसा दीपालीसारखा आगाप वाण थोडी उष्णता सोसतो. पण चुकीच्या महिन्यात पडला की बटणाएवढा गड्डा धरून मोकळा होतो. नीट पडला तरी एक झाड तीन महिने एक कुंडी अडवतं, अळ्यांना पोसतं आणि एकच गड्डा देतं, तोही पाहुणे येऊन गेल्यावर. फुलपाड्यात फ्लॉवर लावू नये. भाजीवालीकडून घ्यावा, आणि शिजवण्याआधी मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावा.